धडधडत्या हृदयावरील बायपास : परिणामांचे आकडे कसे वाचावेत आणि सर्जनना काय विचारावे

अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्यांमध्ये अडथळे निघाले आणि बायपास करावी लागेल असे ठरले, की पुढच्या एक-दोन भेटींतच ‘बीटिंग हार्ट’ हा शब्द कानावर पडतो. हृदय न थांबवता आणि हार्ट-लंग मशीन न वापरता केलेली बायपास, असा त्याचा अर्थ. ज्यात हृदय थांबवावेच लागत नाही ती पद्धत अधिक सुरक्षित असणार, असे ऐकणाऱ्याला साहजिकच वाटते. हा समज पूर्णपणे चुकीचा नाही, पण तो जसाच्या तसा खराही नाही. या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या आहेत, आणि त्यांचे निकाल नीट वाचता आले तर आपल्या रुग्णासाठी कोणते प्रश्न विचारायचे हे बरेचसे स्पष्ट होते. पुढील मजकूर त्या वाचनासाठी आहे. शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा निर्णय मात्र रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आधी नेमका फरक समजून घ्यावा

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. बीटिंग हार्ट म्हणजे लहान छेदाची शस्त्रक्रिया नव्हे. नेहमीच्या बीटिंग हार्ट बायपासमध्येही छातीचे मधले हाड उभे कापले जाते, छातीच्या आतील बाजूची धमनी सोडवून घेतली जाते, पायातील शीर किंवा हातातील धमनी काढली जाते, आणि या वाहिन्या अडथळ्याच्या पलीकडे जोडल्या जातात. या नव्या वाहिनीला ग्राफ्ट म्हणतात. हाड जुळून येण्यास दोन्ही पद्धतींत साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. एकाच वाहिनीसाठी बरगड्यांमधून लहान छेदाने केली जाणारी बायपास हा वेगळा प्रकार आहे.

फरक आहे तो टाके घालण्याच्या परिस्थितीत. मशीनच्या पद्धतीत रक्त शरीराबाहेर आणून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत महाधमनीत सोडले जाते. महाधमनीला चिमटा लावला जातो आणि पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय तात्पुरते थांबवले जाते. जॉन गिबन यांनी 1953 मध्ये अशा मशीनच्या साहाय्याने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. रक्ताचा परक्या पृष्ठभागांशी संबंध आल्याने शरीरात दाहाची प्रतिक्रिया उठते, रक्त पातळ होते, रक्त गोठण्याची यंत्रणा काही काळ बिघडते, आणि नळी किंवा चिमटा लावताना महाधमनीच्या आतील थराचे कण सुटून मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. मात्र त्याच्या बदल्यात सर्जनला एक मोठी गोष्ट मिळते : पूर्णपणे स्थिर आणि रक्तविरहित जागा. ज्या वाहिनीवर टाके घालायचे तिचा व्यास बहुधा दीड-दोन मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थिरतेचे मोल कळते.

धडधडत्या हृदयावर काम करताना मशीनचे हे तोटे टळतात, पण स्थिरता प्रयत्नपूर्वक निर्माण करावी लागते. स्टॅबिलायझर नावाच्या उपकरणाने टाके घालायच्या भोवतालचा तेवढाच भाग धरून ठेवला जातो, वाहिनीत छोटी नळी बसवून टाके पडत असतानाही रक्तप्रवाह चालू ठेवता येतो, आणि हृदयाच्या मागच्या बाजूची वाहिनी गाठण्यासाठी धडधडते हृदय उचलून वळवावे लागते. त्या क्षणी रक्तदाब खाली येऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञाचे कौशल्य येथे सर्जनच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे ठरते. ही पद्धत नवी नाही. वासिली कोलेसोव यांनी 1964 मध्ये लेनिनग्राड येथे छातीतील धमनी धडधडत्या हृदयाच्या वाहिनीला जोडली होती. पुढे मशीनचा वापर रूढ झाल्याने ती मागे पडली. 1980 च्या दशकात अर्जेंटिनातील बेनेटी आणि ब्राझीलमधील बुफोलो यांनी तिला पुन्हा चालना दिली, आणि 1990 च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे ऑक्टोपस नावाचा स्टॅबिलायझर तयार झाल्यावर तिचा प्रसार झाला.

यातून परिणाम वाचण्याची पहिली किल्ली हाती येते. मशीन टाळल्याचा लाभ असेल तर तो पहिल्या काही दिवसांत दिसतो : रक्तस्राव, रक्त चढवावे लागणे, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांवरचा ताण. टाक्यांमध्ये काही कमी राहिले असेल तर ते पुष्कळदा लगेच दिसत नाही. ते महिन्या-वर्षांनी ग्राफ्ट बंद पडण्याच्या रूपाने पुढे येते. म्हणून ‘रुग्ण पाचव्या दिवशी घरी गेला’ हे वाक्य ऐकायला कितीही सुखावह असले, तरी त्यावरून शस्त्रक्रियेची गुणवत्ता ठरवू नये.

तीन मोठ्या चाचण्या, तीन वेगळे धडे

ज्या चाचण्यांत रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले जाते, त्यांचा शब्द अधिक भरवशाचा मानावा. एखाद्या रुग्णालयाने आपल्या जुन्या नोंदी पाहून केलेल्या तुलनेत, कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत द्यायची हे सर्जनने आधीच ठरवलेले असते. त्यामुळे दिसणारा फरक पद्धतीचा की रुग्णनिवडीचा, हे सांगता येत नाही.

पहिली चाचणी ‘रूबी’ या नावाने ओळखली जाते. ती अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील 2203 रुग्णांपैकी जवळपास सर्व पुरुष होते. पहिल्या 30 दिवसांत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. वर्षाच्या अखेरीस मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा अडथळा दूर करण्याची गरज, यांपैकी काहीतरी घडलेल्यांचे प्रमाण बीटिंग हार्ट गटात 9.9 टक्के, तर मशीनच्या गटात 7.4 टक्के होते. वर्षभराने केलेल्या अँजिओग्राफीत उघडे असलेले ग्राफ्ट बीटिंग हार्ट गटात 82.6 टक्के आणि मशीनच्या गटात 87.8 टक्के होते. त्याहूनही बोलका आकडा असा, की ठरवल्यापेक्षा कमी ग्राफ्ट बसवले गेलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 17.8 आणि 11.1 टक्के होते. पाच वर्षांनी मृत्यूचे प्रमाण 15.2 विरुद्ध 11.9 टक्के झाले. दहा वर्षांनी मात्र मृत्यूंमधील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

दुसरी चाचणी ‘कोरोनरी’ ही सर्वांत मोठी : 19 देश, 79 केंद्रे, 4752 रुग्ण. तिचे पहिले निकाल 2012 मध्ये आले. येथे 30 दिवसांत मृत्यू, पक्षाघात, झटका किंवा डायलिसिस लागण्याइतके मूत्रपिंड निकामी होणे, यांचे एकत्रित प्रमाण बीटिंग हार्ट आणि मशीनच्या गटात अनुक्रमे 9.8 आणि 10.3 टक्के, म्हणजे व्यवहारात सारखेच होते. बीटिंग हार्ट गटात रक्त कमी रुग्णांना चढवावे लागले, 63.3 टक्क्यांऐवजी 50.7 टक्के, आणि रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडावी लागण्याचे प्रमाण 2.4 वरून 1.4 टक्क्यांवर आले. उलट अडथळ्यासाठी पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण 0.2 ऐवजी 0.7 टक्के होते. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात एकत्रित प्रमाण 23.1 आणि 23.6 टक्के निघाले. कोणतीही पद्धत दुसरीवर मात करू शकली नाही.

तिसरी, जर्मनीतील ‘गॉपकेब’, ही 75 किंवा त्याहून अधिक वयाच्या सुमारे 2400 रुग्णांवर झाली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. इतक्या वयात मशीन टाळण्याचा लाभ ठळक दिसेल अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. 30 दिवसांतील एकत्रित प्रमाण बीटिंग हार्ट आणि मशीनच्या गटात अनुक्रमे 7.8 आणि 8.2 टक्के, तर वर्षाच्या अखेरीस 13.1 आणि 14.0 टक्के होते.

एकाच पद्धतीचे निकाल रूबीत उणे आणि इतरत्र बरोबरीचे का यावेत? माझ्या मते याचे उत्तर बऱ्याच अंशी हातांमध्ये आहे. रूबीत सर्जनला किमान 20 बीटिंग हार्ट शस्त्रक्रियांचा अनुभव पुरेसा मानला गेला होता, आणि अनेक शस्त्रक्रियांत प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचा मोठा सहभाग होता. कोरोनरी चाचणीत त्याच पद्धतीच्या 100 हून अधिक शस्त्रक्रियांची अट होती, आणि गॉपकेबमधील सर्जन तर याहूनही अधिक सरावलेले होते. त्यामुळे ‘बीटिंग हार्ट चांगली की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोणाच्या हातून, आणि कोणत्या रुग्णावर, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नाही.

आकडा समोर आला की काय तपासावे

सर्वांत आधी पटी आणि प्रत्यक्ष संख्या वेगळ्या कराव्यात. वर दिलेल्या 0.7 आणि 0.2 टक्क्यांकडे पाहून कोणी ‘पुन्हा उपचाराचा धोका साडेतीन पट’ असे म्हणेल, आणि ते खोटे ठरणार नाही. पण हजार रुग्णांचा विचार केला तर हा फरक पाच रुग्णांचा आहे. त्याच हिशेबाने रक्तस्रावासाठी पुन्हा छाती उघडावी लागलेले रुग्ण हजारात दहाने कमी झाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे एका बाजूचा लाभ आणि दुसऱ्या बाजूचा तोटा यांचे माप एकच होते आणि भीतीचा किंवा मोहाचा रंग उतरतो.

त्यानंतर एकत्रित निकाल सोडवून पाहावा. मृत्यू, पक्षाघात, झटका आणि मूत्रपिंड यांची बेरीज करून एकच टक्केवारी दिली जाते, परंतु रुग्णाच्या दृष्टीने या चार गोष्टी मुळीच सारख्या नाहीत. कोरोनरी चाचणीत 30 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत 2.5 टक्के, आणि पक्षाघाताचे 1.0 व 1.1 टक्के होते. म्हणजे ज्या दोन गोष्टींची घरच्यांना सर्वाधिक धास्ती असते, त्यांत मशीन असण्या-नसण्याने सरासरीत फरक पडला नाही.

लाभ टिकाऊ आहे का, हेही पाहावे. मूत्रपिंडांचे उदाहरण यासाठी बोधक आहे. कोरोनरी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर लगेच क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावल्यावर रक्तात वाढणारा घटक, वाढण्याचे प्रमाण बीटिंग हार्ट गटात खरोखरच कमी होते. पण त्याच चाचणीतील रुग्णांचा वर्षभराने पुन्हा अभ्यास केला तेव्हा मूत्रपिंडांच्या कार्यातील घसरण दोन्ही गटांत सारखीच आढळली. स्मरणशक्तीचेही तसेच. मशीनमुळे विसरभोळेपणा येतो अशी भीती फार पसरलेली आहे, परंतु नेदरलँड्समधील 281 रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी दोन्ही गटांतील बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही. वय, मधुमेह, रक्तदाब आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आधीपासूनचा आजार यांचा वाटा यात मोठा असतो.

आणखी एक तपासणी बहुतेक वेळा राहून जाते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बीटिंग हार्ट म्हणून सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच रक्तदाब कोसळल्याने किंवा वाहिनी हाती न आल्याने मशीनवर न्यावी लागू शकते. असे रुपांतर शांतपणे, विचारपूर्वक झाले तर त्याचा फारसा त्रास होत नाही. पण घाईगर्दीत करावे लागले तर मृत्यूचा धोका अनेक पटींनी वाढतो. रूबीत असे रुपांतर 12.4 टक्के आणि कोरोनरीत 7.9 टक्के रुग्णांत झाले. चांगल्या चाचणीत हे रुग्ण बीटिंग हार्ट गटातच मोजले जातात. परंतु एखाद्याने आपली आकडेवारी देताना त्यांना मशीनच्या रकान्यात टाकले, तर बीटिंग हार्टचे निकाल आहेत त्यापेक्षा उजळ दिसतात आणि मशीनचे विनाकारण काळवंडतात. म्हणून कोणतीही टक्केवारी ऐकली की ‘यात मशीनवर न्यावे लागलेले रुग्ण कुठे मोजले आहेत?’ हे विचारावे.

आपल्या रुग्णाला हे कसे लावून पाहावे

चाचण्यांचे निकाल ही सरासरी असते, आणि काही रुग्ण सरासरीत बसत नाहीत. ज्याच्या महाधमनीच्या भिंतीवर मोठ्या प्रमाणात कॅल्शियम साचले आहे, त्याच्यासाठी नळी आणि चिमटा लावणे हेच धोक्याचे मूळ असते. अशा वेळी बीटिंग हार्ट पद्धत, तीही महाधमनीला हात न लावता, हा सर्वांत ठोस आधार असलेला पर्याय आहे, आणि 2018 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी त्याची ठामपणे शिफारस केली आहे. यात छातीच्या दोन्ही बाजूंच्या आतील धमन्या वापरून, एकीला दुसरी फांदीसारखी जोडून, सर्व ग्राफ्ट त्यांच्यावरच उभे केले जातात. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा : मशीन न वापरताही शिरेचे वरचे टोक महाधमनीला जोडण्यासाठी अर्धवट चिमटा लावला असेल, तर मेंदूकडे कण जाण्याचा धोका शिल्लक राहतो. त्यामुळे पक्षाघाताच्या दृष्टीने ‘मशीन वापरले का’ यापेक्षा ‘महाधमनी हाताळली का’ हा प्रश्न अधिक नेमका आहे. महाधमनीची स्थिती छातीच्या सीटी स्कॅनवरून आधी, आणि शस्त्रक्रियेदरम्यान तिच्यावरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, पाहता येते.

मूत्रपिंडांचा किंवा यकृताचा जुना आजार, आधी झालेला पक्षाघात, फुप्फुसांची कमजोरी असे अनेक धोके एकत्र असलेल्या रुग्णासाठीही सरावलेल्या चमूकडे बीटिंग हार्टचा विचार करता येतो. याउलट वाहिन्या फार बारीक, लांबवर कॅल्शियमने कडक झालेल्या किंवा हृदयाच्या स्नायूत खोल दडलेल्या असतील, हृदय फार मोठे झालेले असेल, किंवा रक्तदाब आधीच डळमळीत असेल, तर मशीनच्या आधाराने केलेले नीट, संपूर्ण काम हेच सुरक्षित असते. झडपेची शस्त्रक्रियाही सोबत करायची असेल तर मशीन लागतेच. ज्याला यांपैकी कोणताही विशेष धोका नाही, अशा रुग्णाने सर्जनला त्याच्या रोजच्या सरावाची पद्धत सोडून दुसरी करण्याचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्जनशी बोलताना पुढील प्रश्न लिहून न्यावेत. आपण बायपासपैकी किती शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर करता, आणि आजवर अशा किती केल्या? त्यांपैकी किती वेळा मध्येच मशीनवर जावे लागले? या रुग्णाला किती ग्राफ्ट आवश्यक आहेत, आणि तितके सर्व या पद्धतीने बसवता येतील अशी आपली अपेक्षा आहे का? हृदयाच्या मागच्या बाजूच्या वाहिनीचे काय? महाधमनीची तपासणी केली जाईल का? ग्राफ्टमधील प्रवाह टेबलावरच मोजला जाईल का? शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबावे. ग्राफ्ट जोडल्यानंतर त्याला छोटा प्रोब लावून त्यातून मिनिटाला किती रक्त वाहते हे मोजता येते. प्रवाह मिनिटाला 20 मिलिलिटरपेक्षा जास्त आणि स्पंदनांक, म्हणजे त्या प्रवाहातील चढउताराचे माप, 5 पेक्षा कमी असावा, असा संकेत आहे. आकडा समाधानकारक नसेल तर छाती बंद करण्यापूर्वीच टाके दुरुस्त करता येतात. धडधडत्या हृदयावर काम करताना ही मोजणी वगळू नये. हे प्रश्न आदराने विचारले तर जाणत्या सर्जनला त्यांचा राग येत नाही. मशीन आणि ते चालवणारा तंत्रज्ञ शस्त्रक्रियेच्या वेळी तयारीत असतो का, एवढेही विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर

पहिल्या काही दिवसांत हृदयाची लय बिघडणे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा त्रास दर दहांपैकी दोन ते चार रुग्णांना होतो. बीटिंग हार्टमुळे तो टळेलच असे गृहीत धरू नये. बहुतेकांत औषधांनी तो आटोक्यात येतो. मशीन न वापरल्याने रक्त गोठण्याची क्षमता तुलनेने शाबूत राहते. रक्तस्राव कमी होतो तो यामुळेच, पण त्याच कारणाने नव्या ग्राफ्टमध्ये गुठळी होण्याची शक्यताही ध्यानात घ्यावी लागते. म्हणून ॲस्पिरिन लवकर सुरू केले जाते, आणि अनेक सर्जन काही महिने क्लोपिडोग्रेलही जोडतात. दात काढायचा आहे किंवा थोडे खरचटले आहे म्हणून ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टॅटिन हे केवळ कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आणण्यासाठी नसून ग्राफ्ट टिकवण्यासाठीही आहे, हे घरातील सर्वांना माहीत असावे. छातीच्या आतील धमनीचा ग्राफ्ट दहा वर्षांनंतरही दहांपैकी सुमारे नऊ जणांत उघडा असतो. पायाच्या शिरेचे आयुष्य त्याहून बरेच कमी असते, आणि धूम्रपान ते आणखी घटवते.

हाड हलल्यासारखा खटका जाणवणे, जखमेतून स्राव, ताप, पायाला वाढती सूज किंवा आडवे झाल्यावर दम लागणे, यांपैकी काही आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेपूर्वी होत असे तसेच छातीत दुखू लागले, बोलणे अडखळले किंवा हाताची शक्ती गेली, तर थेट तातडीच्या विभागात न्यावे.

घरी जाताना केवळ औषधांची यादी घेऊन निघू नये. शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागावी. तीत ठरवलेले ग्राफ्ट किती आणि बसवलेले किती, कोणती वाहिनी कोठून आणून कोणत्या ठिकाणी जोडली, महाधमनीला चिमटा लावला की नाही, मशीनवर जावे लागले का, आणि प्रत्येक ग्राफ्टचा मोजलेला प्रवाह किती, हे असावे. जोडणीची साधी आकृती मिळाली तर उत्तमच. पुढे कधी पुन्हा अँजिओग्राफी करावी लागली तर ही आकृती हाती असल्याने ग्राफ्ट शोधण्यात वेळ आणि तपासणीसाठी रक्तवाहिनीत सोडले जाणारे रंगद्रव्य वाया जात नाही, आणि ज्याची मूत्रपिंडे आधीच नाजूक आहेत अशा रुग्णाला कमी झालेल्या रंगद्रव्याचा थेट फायदा होतो. ही प्रत रुग्णाच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी आणि तिचे छायाचित्र घरातील किमान दोघांच्या फोनमध्ये असू द्यावे.